आठव्या मिनिटाला

स्टूल डॉक्टरांच्या कानशिलावर बसलं आणि ते टेबलावरून घसरत खाली आले. कालच्या एका पेशंटच्या नवऱ्याने, त्या वेल्डरने, त्यांना कॉलर धरून उभं केलं आणि तोंडावर ठोसा मारला. दात फरशीवर पडल्याचा आवाज मी ऐकला.

"काल बायकोला घेऊन आलो होतो. पोटाला हात तरी लावलात का तिच्या?"

"नाही लावला." डॉक्टर रक्त गिळत म्हणाले.

"पित्ताच्या गोळ्या लिहून मोकळे झालात. अपेंडिक्स फुटलंय. वर ऑपरेशनला नेलंय, मरायला टेकलीय ती."

डॉक्टर पुन्हा कोसळले. त्याने बुटाची टाच त्यांच्या उजव्या हातावर दिली. बोटं मोडली. दोघा सिक्युरिटीवाल्यांनी त्याला ओढलं, तेव्हा डॉक्टर खालूनच म्हणाले, "सोडा त्याला. वर जाऊ दे. त्याचं माणूस आत आहे."

मी भिंतीला चिकटून उभी होते.

सदतीस वर्षं मी त्यांची नर्स. आमच्या दोन खोल्यांच्या जुन्या दवाखान्यात ते तळवे घासून ऊन करायचे, मगच पेशंटच्या पोटावर ठेवायचे. गप्पांत सासू निघायची, शेजारीण निघायची आणि शेवटी दुखणंही निघायचं. पुढे कंपनीने दवाखाना घेतला, आम्हाला या इमारतीत आणलं. एका पेशंटला आठ मिनिटं. त्यातली पाच कॉम्प्युटरमधले रकाने भरण्यात जायची. आठव्या मिनिटाला माझ्या टेबलावरचा दिवा लाल व्हायचा. दार उघडून पुढचा नंबर पुकारायचा, हे माझं काम. उशीर झाला की वरून बोलावणं. माझी दोन झाली होती, तिसऱ्याला घरी.

काल डॉक्टर खुर्चीतून उठले होते. "आडवी हो बघू, बाळ," असं तिला म्हणत होते. मी दार उघडलं.

"डॉक्टर, वेळ झाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते पुन्हा खाली बसले.

मार खाताना त्यांनी यातलं अक्षर काढलं नाही.

तासाभरात मॅनेजर कागद घेऊन आला. "सिस्टर, सही करा. पेशंटने तपासून घ्यायला नकार दिला, एवढंच आहे."

"डॉक्टरांनी केली?"

"ते हट्टाला पेटलेत. तुम्ही तरी शहाण्यासारखं वागा."

"सदतीस वर्षांत जमलं नाही, आता कुठलं जमतंय?"

मी वर गेले. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर वेल्डर बसला होता. मनगटापर्यंत रक्त, ते डॉक्टरांचं.

"डॉक्टर तिला तपासायला उठले होते," मी म्हटलं. "मी आत येऊन थांबवलं."

तो उठला. मूठ माझ्या कानाजवळून गेली आणि भिंतीवर आदळली. पुन्हा. पुन्हा. गिलावा माझ्या खांद्यावर पडला. त्याच्या बोटांची सालटं निघाली.

"का?"

"नोकरी जाईल म्हणून."

त्याने मूठ खाली घेतली.

"जा मावशी. हातून काहीतरी होईल माझ्या."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. आत अजून काम चालू होतं. त्याने सरकून जागा दिली नाही, पण मला उठवलंही नाही.