पिंपळाखाली ठेवलेला चौरंग

मी चौरंग बोलतोय. चौरंग म्हणायचं ते जुन्या सवयीनं. पाय माझे तीनच उरलेत, चौथ्याच्या जागी वीट आहे. चंदीगडात पिंपळ पुष्कळ, आणि बहुतेक पिंपळांखाली माझ्यासारखं कुणी ना कुणी पडलेलं असतं. पण आमच्या कोपऱ्यावर जे झालं त्याची सुरुवात माझ्यापासून झाली, म्हणून सांगायलाही मीच हवा.

माझा जन्म चिपळूणजवळचा. परसातला फणस वादळात आडवा झाला, तेव्हा एकनाथ सुतारानं त्याच्या फळ्या काढल्या, वर्षभर सावलीत वाळवल्या आणि मला घडवलं. फणसाचं लाकूड नवं असताना हळदीसारखं पिवळं दिसतं. रागिणीच्या लग्नात मला रुखवतावर मांडलं, तर येणारी प्रत्येक बाई लाडवांच्या आधी माझ्यावरून हात फिरवायची. मला तेव्हाच जरा शिंगं फुटली, खोटं कशाला बोलू.

रागिणीचे यजमान नंदकुमार हवाई दलात. त्यामुळे दर तीन वर्षांनी खोकी, सुतळी, ट्रक. जामनगर झालं, तेजपूर झालं. घर कुठलंही असो, भाद्रपदात दीड दिवस गणपती बसायचा तो माझ्यावर. एकोणीस गणपती मी अंगावर घेतलेत. मूर्ती शाडूची, वीतभर, पण तिचं वजन काही वेगळंच. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरपूजा व्हायची. रागिणी मूर्तीवर अक्षता टाकायची, ‘पुनरागमनाय च’ म्हणायची आणि मूर्ती जागची जराशी हलवायची. बरं का, त्या क्षणी माझ्या अंगावरचं वजन बदलायचं. माती तेवढीच असायची, पण देव उठून गेलेला असायचा. मग ती माती बादलीत विरघळायची आणि तुळशीला जायची. रागिणी म्हणायची, “निरोप दिला की देव मोकळा, आपणही मोकळे.” हे वाक्य लक्षात असू द्या.

चंदीगडला येताना ट्रकात माझ्यावर कपाट कललं आणि पाय मोडला. रागिणीनं खाली वीट लावली, वरून कापड सोडलं, तीन गणपती तसेच पार पडले. पण चिपळूणहून सासूबाईंचा फोन आला, “अगं, मोडक्या आसनावर देव बसवतात का?” मग नवा चौरंग आला, पितळी पट्ट्यांचा, आणि मी गॅलरीत गेलो. सुताराला दाखवू, दाखवू म्हणताना हवाई दलाच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं आणि भाड्याचं घर सोडायची वेळ आली.

निघायच्या दिवशी सकाळी रागिणी मला उचलून खाली घेऊन आली. मागोमाग तिची मुलगी अक्षरा. ही सेक्टर बत्तीसच्या मेडिकल कॉलेजात शिकते. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

“कचऱ्याच्या गाडीत कसा टाकू गं,” रागिणी म्हणाली. “गणपती बसलाय ह्याच्यावर.”

कोपऱ्यावर पिंपळ होता, बुंध्याशी स्वच्छ झाडलेली जागा. तिनं मला तिथे मांडलं, माझ्यावर हळदकुंकू वाहिलं, जास्वंदीचं फूल ठेवलं आणि हात जोडले.

“मम्मा, ये भी तो फेंकना ही हुआ ना?”

“फेकत नाहीये. ठेवतेय.”

मलाही ते तसंच वाटलं. फूल वाहून कुणी फेकतं का?

पिंपळाच्या दुसऱ्या बाजूला बिमलाचं इस्त्रीचं टेबल. बावीस वर्षं ती तिथे उभी राहून कोळशाच्या इस्त्रीनं अख्ख्या गल्लीचे कपडे करते. बुंध्याची ती झाडलेली जागा तिचीच कामगिरी. तिनं त्या सकाळी सगळं पाहिलं. मग इस्त्रीत नवे कोळसे भरले.

आठ दिवसांनी एका बाईनं देवीची तसबीर आणली. काच तडकलेली. तिनं इकडेतिकडे पाहिलं, मी दिसलो. चौरंग, वर कुंकू, म्हणजे जागा देवाचीच. तसबीर माझ्यावर टेकवली, हात जोडले, गेली. मग जुनं पंचांग आलं, मग नवरात्रातल्या चुनऱ्या, नारळ, दिवाळीच्या पणत्या. होमाची राख कुणी पिशवीत घालून आणली, आणि त्या पिशवीनं घात केला. राख देवाची असली तरी पिशवी दिसायला कुठल्याही पिशवीसारखीच. पुढचा माणूस आला त्याच्या पिशवीत भाजीची देठं होती. त्यानंही हात जोडले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्या पुढच्यानं जोडले नाहीत.

थंडी सरता सरता कुणाचं तरी घर नवं होत होतं. भिंतीचा मलबा आला, फुटक्या फरश्या आल्या आणि सगळ्यात शेवटी, अगदी माझ्या डोक्यावर, एक कमोड येऊन बसला. गणपतीनंतर कमोड. माझी शिंगं त्या दिवशी मोडली.

तुम्ही म्हणाल, झाडूवाले काय करत होते? सतपाल रोज गाडी घेऊन यायचा, सबंध गल्ली चकचकीत करायचा आणि ढिगापाशी थांबायचा. “नीचे भगवान हैं,” तो बिमलाला सांगायचा. “मैं कचरे की गाड़ी में भगवान डालूँ? मेरे भी बाल-बच्चे हैं.” गल्लीतले लोक म्हणायचे, कचरा आहे, आम्ही कसा हात लावू. सतपाल म्हणायचा, देव आहेत, मी कसा लावू. दोघांच्या मधे ढीग मजेत वाढत होता.

मजेत नव्हती ती बिमला. माश्या टेबलावर यायला लागल्या. गिऱ्हाईकं धुतलेले कपडे नाकाला लावून बघायची आणि दुसऱ्या दिवशी यायची नाहीत. त्यात गल्लीच्या समितीचे बग्गाजी, बँकेतून रिटायर झालेले, काठी टेकत आले. माणूस वाईट नाही, पण बोलायला लागला की नोटीस वाचल्यासारखा.

“बिमला, ग्रुप पे बहुत शिकायतें हैं. तेरे ठेले की वजह से लोग यहाँ डालते हैं. बैसाखी के बाद टेबल उठा ले.”

“मैंने तो एक चिंदी नहीं डाली, साहब.”

“मैंने कब कहा तूने डाली? पर कोना तो तेरा है ना.”

बावीस वर्षांत तो कोपरा तिचा आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं ते असं, घालवायच्या वेळेला. त्या दिवशी तिच्या इस्त्रीतले कोळसे विझले तरी ती तशीच कपड्यावर फिरवत राहिली. मी ढिगाखालून बघत होतो. वाटलं, बाई, ह्याचं मूळ मी आहे. पण लाकडाला कुठला आवाज?

बैसाखीला आठ दिवस उरले आणि रागिणी आली. चैत्रातलं हळदीकुंकू होतं, नारायणपेठी साडी इस्त्री करून हवी होती, आणि तिच्या मते बिमलासारखी घडी सबंध शहरात कुणी घालत नाही. पिंपळाला नुकती तांबूस पालवी फुटली होती. रागिणी वर बघत बघत आली आणि पदर नाकाला लावून थांबली.

“बिमला, ये क्या हो गया इधर?”

“पूछो मत, दीदी.”

तरी तिनं सांगितलं. माश्या, समिती, बैसाखी. रागिणी ऐकता ऐकता ढिगाकडे वळली. कमोडखालून माझा एक पाय बाहेर आला होता, एकनाथ सुतारानं कोरलेल्या तीन वळ्यांचा. तिनं तो ओळखला. माणसाचा चेहरा उतरतो म्हणजे काय होतं, ते मी तेव्हा पाहिलं.

“ये तो मेरा है.”

“मालूम है,” बिमला साडी उलगडत म्हणाली. “मैं यहीं खड़ी थी उस दिन.”

“तो बोलना था ना.”

“आपने फूल चढ़ाया था, दीदी. फूल चढ़ाने वाले को कौन टोके?”

रागिणीनं नाकावरचा पदर खाली घेतला. मग म्हणाली, “रविवार को मैं आती हूँ. सतपाल को रोक के रखना.”

रविवारी ती आली. सोबत अक्षरा, हातमोज्यांचं खोकं, दोन बादल्या आणि डब्यात हळद लावलेले तांदूळ. सतपाल गाडीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून.

“भगवान निकाल दो बीबीजी. बाकी मेरा काम.”

रागिणी जमिनीवर बसली. ढिगातून एकेक देव बाहेर काढायची, पुसायची, ओळीनं मांडायची. लक्ष्मीची कडा कुरतडलेली तसबीर, कॅलेंडरातला शंकर, नाक उडालेला मातीचा गणपती. देवीच्या तसबिरीशी पोहोचली तेव्हा मागून काठीचा आवाज आला. बग्गाजी.

“ये क्या हो रहा है जी?” ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. तसबिरीच्या मागं जाड पेनानं एक नाव आणि जुनी तारीख लिहिली होती. त्यांच्या आईचं नाव.

“ये तो हमारे घर की है,” ते हळूच म्हणाले. “वाइफ ने कहा था, पीपल के नीचे रख आई हूँ.”

बिमलानं मान खाली घातली आणि इस्त्री करत राहिली. तिला ठाऊक होतं. टेबल उठव म्हणाले तेव्हाही ठाऊक होतं.

रागिणीनं देवांवर अक्षता टाकल्या. आणि अडखळली. निरोपाचे शब्द म्हणजे परत या. ह्या ढिगावर परत या म्हणायचं? तिनं दोन क्षण विचार केला आणि साध्या मराठीत म्हणाली, “घरी या. इथे नको.” मग प्रत्येक तसबीर जराशी हलवली.

“थोड़े चावल इधर भी देना,” बग्गाजी म्हणाले. आईची तसबीर त्यांनी स्वतः हलवली.

“हो गया, सतपाल. विदा कर दिया. अब ये काँच है, लकड़ी है, कागज है.”

“पक्का गए?”

“पक्का.”

“मेरे सिर शिकायत तो नहीं आएगी?”

“आई तो मेरा पता दे देना.”

सतपालनं पहिल्यांदा हाताची घडी सोडली. काच वेगळी, लाकूड वेगळं, चुनऱ्या धुवायला. कागद एका बादलीत भिजला, मातीचा गणपती दुसरीत, आणि दोन्हींचा लगदा पिंपळाच्या मुळाशी गेला. मग त्यानं कमोडकडे बोट केलं.

“इसको भी चावल?”

“उसमें भगवान नहीं बैठे,” अक्षरा म्हणाली.

“बैठे तो बहुत होंगे,” सतपाल म्हणाला. बिमला हसली. महिनाभरात पहिल्यांदा, तोंडावर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मलब्यासाठी अक्षरानं महापालिकेत फोन करून ट्रॅक्टरची ट्रॉली बोलावली. इतके दिवस तो फोन कुणी करायचा, एवढाच प्रश्न होता.

शेवटी राहिलो मी. रागिणीनं मला फडक्यानं पुसलं. पिवळा रंग केव्हाच गेला होता. तिनं माझ्यावरही अक्षता टाकल्या. “चुकलं रे माझं,” म्हणाली आणि मला जागचा जरासा हलवला. एकोणीस वर्षांचं जे काही माझ्यावर बसलं होतं ते उठून गेलं. मी नुसतं लाकूड झालो. हलकं वाटलं. सतपालनं मला उचलायला हात घातला.

“इसको रहने दो,” बिमला म्हणाली. मग रागिणीला, जरा लाजत, “दीदी, अब इस पे पैर रख सकते हैं क्या? पाप तो नहीं लगेगा?”

“आता नाही लागणार,” रागिणी मराठीतच बोलून गेली. बिमलाला कळलं.

बैसाखी आली आणि गेली. टेबलाचं नाव कुणी काढलं नाही. आता बिमलाच्या टेबलावर तांदळाचा डबा असतो. कुणी पिशवी घेऊन पिंपळाकडे निघालं की ती इस्त्री थांबवते. “रखो मत जी, इधर आओ. पहले विदा करो, फिर काँच इसमें, कागज उसमें.” काही जण नीट करतात. काही जण ओशाळून परत जातात. आणि काही जण पुढच्या कोपऱ्यावर जातात, तिथे कुणी उभं नसतं. सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही.

तुम्हाला एवढंच सांगतो. जिच्याशी तुमचं नातं होतं त्या वस्तूला निरोप तुमच्याच हातानं द्या, तुमच्याच दारात द्या. मग जी काच उरेल, जो कागद उरेल, तो त्याच्या जागी पोहोचवा. मला फूल वाहून ठेवलं होतं. माझ्या डोक्यावर कमोड आला.

मी आता टेबलाखाली असतो, तीन पाय आणि एक वीट. दिवसभर उभं राहून बिमलाची कंबर धरते, तेव्हा ती चप्पल काढते आणि एक पाऊल माझ्यावर टेकवते. भेगाळलेलं, कोळशाच्या राखेनं पांढुरकं झालेलं पाऊल. टेकवलं की तिच्या तोंडून हळूच ‘आह’ निघतं. एकोणीस गणपती माझ्यावर बसले, पण असं त्यांच्यातलं कुणी कधी म्हटलं नव्हतं.