तिसऱ्या चौकटीतला मासेमार

मी चित्रपट्टी बोलतेय, रविवारच्या बालपुरवणीतली, चार चौकटींची. बोलतेय खरी, पण मान वर करायची हिंमत नाही.

माझा जन्म अठ्ठ्याण्णव सालचा, नागपूरच्या एका छापखान्यातला. माझ्या चित्रकाराने मासा पाहिला होता तो ताटात, नाहीतर काचेच्या पेटीत. पण मुलांना विज्ञान शिकवायची हौस दांडगी! त्याने तिसऱ्या चौकटीत दात पुढे आलेला, पोट सुटलेला मासेमार काढला. तो म्हणतो, "काल मासा चालत माझ्या दारावरून गेला!" चौथ्या चौकटीत चष्मेवाला चुणचुणीत मुलगा हसतो, "काका, मासा कधी चालतो का? अंधश्रद्धा सोडा!" तेव्हा मलाही हे फार शहाणपणाचं वाटलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी एसटीने मी चामोर्शीकडच्या एका खेड्यात पोहोचले. तिथल्या गुरुजींनी मला कापून पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि चौथीच्या वर्गात मोठ्याने वाचलं. पोरं खिदळली. एक मुलगी मात्र उभी राहिली. ती भाग्यश्री, गावच्या तलावात जाळं टाकणाऱ्या इस्तारीची लेक.

"गुरुजी, मांगूर मासा चालते जी. माह्या बाबानं पाह्यलं हाये."

पोरं पोट धरून हसली. माझ्यातल्या मासेमाराकडे बोट दाखवून कुणीतरी ओरडलं, "हा पाह्य भाग्यश्रीचा बाबा!" गुरुजी मनाने वाईट नव्हते. त्यांनी पोरांना गप्प केलं आणि मला तिच्या हाती दिलं, घरी दाखव म्हणून.

घरी इस्तारी फाटलेलं जाळं सांधत बसला होता.

"बाबा, तू मले खोटं काऊन सांगतलं? पेपरात लिवून हाये, मासा चालत नाई."

इस्तारीला वाचता येत नव्हतं. त्याने हात धोतराला पुसले, मला उचललं आणि बराच वेळ पाहिलं. तो दातवाला माणूस कोण, हे कळायला अक्षरं लागत नाहीत. मग हळूच म्हणाला, "छापून आलं हाये त खरंच असन, बाई. माह्याच डोयाची चूक झाली असन."

तीस वर्षं तलावात उभा राहिलेला माणूस माझ्यापुढे हरला. मला माझी शाई नकोशी झाली. त्यात त्याने मला मानाने दाराजवळच्या भिंतीवर चिकटवलं.

भादव्यातल्या एका सकाळी भाग्यश्री अंगणातून ओरडली. मिशांवाला काळा मांगूर तलाव सोडून, ओल्या चिखलात परांच्या काट्यांवर रेटा देत, धानाच्या पाणी भरल्या बांधीकडे निघाला होता. अगदी दारावरून!

"बाबा, ये ना! चालून राह्यला, पाह्य!"

इस्तारी आला. आधी त्याने माशाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"हळू बोल, बाई. कोणी हासन."

पोर ढसाढसा रडली. गुरुजींना कळल्यावर त्यांनी भर वर्गात चूक कबूल केली, वर्तमानपत्राला पत्रही टाकलं. ते छापून आलं नाही. त्या जागी ग्रहणावरची नवी चित्रपट्टी, माझी धाकटी बहीण, आली. भाग्यश्री मला फाडायला धावली, तर इस्तारीनेच तिचा हात धरला. "फाडू नोको. शाळेचा कागद हाये."

आता मी पिवळी पडलेय. पहिली चौकट वाळवीने खाल्ली, तिसरी मात्र शाबूत आहे. भाग्यश्री दहावीला गेली. आजही लेकीला माशांचं काही सांगायचं झालं, की इस्तारी आधी माझ्याकडे बघतो आणि मग म्हणतो, "मले असं वाटते, बाई. पक्कं मालूम नाई."

भाग्यश्री, एवढं एकदा बापाचं ऐकू नकोस. मला चुलीत घाल.