माझ्यात दोन आहेत

वर्गातल्या पोरींनी तिचं नाव मौनी पाडलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. लेखी पेपरात हात थांबायचा नाही. पण तोंडी परीक्षेत परीक्षक समोर बसले, की दातखीळ बसलीच. शरीररचनेच्या तोंडीत ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली, तर कॉलेजातून नाव कमी. तिकडे बस चालवणारे वडील येणाऱ्याजाणाऱ्या प्रवाशाला ‘आमची डॉक्टर’ म्हणून सांगून बसलेले.

म्हणून तिला तळमजल्यावरच्या मदत कक्षात धाडलं. मागे पडलेल्या मुलांना हात द्यायला कॉलेजनं काढलेली खोली ती. एक फळा, एक टेबल, दोन खुर्च्या. भिंतीपलीकडे डिसेक्शन हॉल, जिथं दान आलेले देह उघडून शिकवत. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताईंची रीत निराळी होती.

“मला नको सांगूस, मला येतं सगळं. त्या खुर्चीला सांग.”

“रिकाम्या खुर्चीला?”

“मग काय. भरलेल्या खुर्चीपुढे तुझी बोबडी वळते ना.”

ताई दार लोटून गेल्या. भर दुपारी मौनी लाकडी खुर्चीला मूत्रपिंड समजावू लागली. आधी लाज वाटली, मग जीभ सुटली. देवाघरचं लेणं असावं तसं ते शरीर तिच्या बोलण्यात उलगडत गेलं. फक्त एक होतं. निघताना ती खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी थोडी तिच्याकडे वळलेली. रोज थोडी जास्त.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, “प्रत्येक मूत्रपिंडाला एक धमनी असते.”

कुणीतरी घसा खाकरला.

“माझ्यात दोन आहेत, बाळ. डावीकडे. दुसरी खाली, चरबीच्या मागे.”

आवाज म्हाताऱ्या माणसाचा, मायेचा. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. खोलीत औषधाचा तो ओळखीचा वास भरला होता, पलीकडच्या हॉलमधला.

धावत जाऊन तिनं ताईंना गाठलं. “ताई, त्या खुर्चीवर कोण बसायचं?”

“पूर्वी देहदानाचं कार्यालय तिथंच होतं. अर्ज भरायला येणारी माणसं बसायची,” ताई म्हणाल्या. “का गं?”

“काही नाही,” मौनी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशीही गेली. न जाऊन सांगते कुणाला.

परीक्षेच्या दिवशी टेबलावर ट्रे होता. ट्रेमध्ये डावं मूत्रपिंड.

“याला धमन्या किती?” परीक्षकांनी विचारलं.

दिसत होती एकच. पुस्तकातही एकच. पुन्हा दातखीळ बसायच्या बेतात होती. तेवढ्यात तिला परीक्षकांशेजारची रिकामी खुर्ची दिसली. जराशी तिच्याकडे वळलेली. मौनी त्या खुर्चीशी बोलली.

“पुस्तकात एक. यांच्यात दोन. दुसरी खाली, चरबीच्या मागे.”

परीक्षक हसले. “आम्ही चार वर्षं हे मुलांना दाखवतोय, बाई.” तरी त्यांनी चिमट्यानं चरबी बाजूला केली. खाली बारीकशी, पांढरट, दुसरी धमनी होती. हसू मावळलं.

“तुला आधी कुणी दाखवलं होतं?”

“सांगितलं होतं.”

“कुणी?”

मौनी गप्प राहिली. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या मर्जीनं.

निकाल त्याच दुपारी लागला. वडिलांना फोन करून ती थेट तळमजल्यावर आली. ताई पाठमोऱ्या उभ्या राहून फळा पुसत होत्या. खुर्ची आता पुरती तिच्याकडे तोंड करून होती. मौनीनं हात जोडले.

“आजोबा, पास झाले.”

मग घसा खाकरल्याचा आवाज.

“छान झालं. आता हृदय सांग. सावकाश. तिथंही पुस्तकाचं नि माझं जमत नाही.”

मौनीनं दचकून ताईंकडे पाहिलं. ताईंचा फळा पुसणारा हात मात्र थांबला नाही.

“अगं, एवढं विचारतायत,” त्या मागे न वळता म्हणाल्या, “तर बस आणि सांग त्यांना.”