केसरची बोहनी

माझा भाऊ योगेंद्र बारावी सायन्सला दोनदा नापास झाला, तेव्हा बाबांनी भर गल्लीत त्याची पुस्तकं फेकली आणि म्हणाले, "याना डोकामा भुसा भरेल शे." गल्ली हसली. मी तेव्हा नवी सून होते, पण त्याचा हात धरून त्याला सरळ सासरी ब्राह्मणपुरीला घेऊन आले. सासू कुरकुरली. आमच्या ह्यांनी, म्हणजे छगन पाटलांनी, एवढंच विचारलं, "घोडास्ले दाना टाकता येस का याले?" येत होतं. मग राहिला.

घोड्यांपाशी राहून त्याला घोड्यांचं वेड लागलं. पुढे पुण्याला जनावरांच्या एका प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागला. बाटल्या धुता धुता बाहेरून परीक्षा द्यायचा. विषय राहायचे, परत द्यायचा, परत राहायचे. दिवाळीला आला की पोरं त्याला नापासमामा म्हणायची. माझी लेक दामिनीसुद्धा. एकदा दिली तिला ठेवून, मग बंद झाली. याचं डोकं उघडलं ते चाळिशी उलटल्यावर. तेव्हा बरोबरचे सगळे बंगले बांधून बसले होते आणि हा विद्यार्थी म्हणून नाव लावत होता!

त्याने विषय घेतला घोड्यांच्या एका रोगाचा. ग्लँडर्स म्हणतात त्याला. औषध नाही, माणसालाही लागतो, आणि सरकारचा नियम असा की घोड्याला निघाला तर त्याला इंजेक्शन देऊन मारायचंच. वाईट म्हणजे घोडं वरून धडधाकट दिसतं आणि आतून वर्षानुवर्षं रोग बाळगतं. जुन्या तपासणीत असली घोडी सुटून जायची. योगीला एक पट्टी बनवायची होती. तबेल्यातच रक्ताचा थेंब टाकायचा. एक रेघ उमटली तर निरोगी, दोन उमटल्या तर आजारी.

पट्टी जोखायला आजारी घोड्याचं रक्त लागतं तसं निरोगी घोड्याचंही लागतं. आजारी रक्त प्रयोगशाळेत होतं. निरोगी त्याने आमच्या केसरचं नेलं. दुसरं कोणाचं नेणार? कुमैत, म्हणजे काळपट तांबड्या रंगाची, उंच मानेची, सारंगखेड्याच्या यात्रेत चालायला लागली की लोक जिलेबी खायची थांबायचे. जुन्या तपासणीत स्वच्छ. आमचे हे तिला स्वतः अंघोळ घालायचे. मला कधी ग्लासभर पाणी दिलं नाही या माणसाने, पण केसरसाठी हिवाळ्यात पाणी कोमट करायचे.

आणि योगीची पट्टी चुकायची. आजारी रक्ताला दोन रेघा, केसरच्या निरोगी रक्तालाही दोन रेघा. किती वेळा केलं, तेच. त्याचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या पट्टीला आजारी आणि निरोगी कळत नाही. तुम्हालाही कळत नाही." प्रबंध परत आला. तो इथे आला, केसरच्या मानेला मिठी मारून रडला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, कानाजवळचे केस पांढरे झालेले, घोडीच्या गळ्यात पडून रडत होता. माझं काळीज तुटलं.

त्याने हाय खाल्ली नाही एवढं खरं. पट्टीतलं औषध बदललं. तेवढ्यात साहेबांनी बजावलं, घरचं रक्त नको, आमच्या तबेल्यातलं घ्या. ते घेतलं आणि पट्टी बरोबर यायला लागली. योगीला वाटलं, औषधात खोट होती ती गेली. मग काय, प्रबंध मान्य, पट्टी मान्य, नावापुढे डॉक्टर. एकदाचं घोडं गंगेत न्हालं! मी गल्लीत पेढे वाटले. बाबा असते तर त्यांच्या फोटोपुढे ठेवलेला पेढा त्यांच्या तोंडातच कोंबला असता.

यंदा सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेआधी गावोगावची घोडी तपासायचं काम योगीलाच मिळालं. सामान घेऊन तो आधी आमच्याकडे उतरला. त्याची यादी शहाद्यापासून सुरू होणार होती. पण आमचे हे हटून बसले. "बोहनी घरनीच पाहिजे. दुसरानी घोडीले पहिली सुई कसाले?" मलाही पटलं. दुकानदार नाही का, पहिली विक्री आपल्या माणसाला करतो? योगी हसला आणि म्हणाला, "चला, दाजींच्या हातून होऊ दे." केसरला नवी झूल घातली, मी नारळ फोडला, शेजारपाजार गोळा झाला. ह्यांनी तिचं तोंड धरलं आणि योगीने थेंब टाकला.

दोन रेघा उमटल्या.

योगीने दुसरी पट्टी काढली, मग तिसरी. मी म्हटलं, "उन्हात ठेवल्या असशील, नासल्या असतील."

हे म्हणाले, "तुन्ही पट्टी खोटी शे, योगी. पहिलेबी खोटीच व्हती."

घाबरला की योगी शाळेतलं मराठी बोलतो. तो म्हणाला, "नाही दाजी. पहिल्यापासून खरी होती." आणि तिन्ही पट्ट्या ओट्यावर ओळीने मांडल्या. मला समजायला वेळ लागला. पट्टी कधीच चुकली नव्हती. केसरच तेव्हापासून आजारी होती. याने बरोबर उत्तर काढलं आणि स्वतःला नापास समजून फेकून दिलं, कारण घरची घोडी आजारी असेल हे त्याच्या मनाला शिवलंच नाही. आमच्याही शिवलं नसतं.

नियमाने रक्त मोठ्या सरकारी प्रयोगशाळेत गेलं. तिथून शिक्का लागल्याशिवाय काही करता येत नाही. आमच्याही दंडातून रक्त काढून नेलं, ते सगळं नीट निघालं. केसरला परसात वेगळी बांधली. योगी पुण्याला गेला आणि घरात सुतक असल्यासारखं झालं. मी दत्ताच्या देवळात गेले, हात जोडले, आणि मागायचं काय तेच कळेना. केसर जगू दे म्हणावं तर भाऊ खोटा पडतो. सगळा जन्म नापास म्हणून काढला त्याने, आता कुठे मान वर केली. त्याला यश दे म्हणावं तर केसर जाते. शेवटी मागितलं. माझ्या भावाची पट्टी खोटी निघू दे. हो, मागितलं! देवासमोर, पाठच्या भावाचं वाटोळं मागितलं. पायरीवर हे बसले होते. त्यांनी काय मागितलं ते विचारायची गरज नव्हती.

फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. ह्यांनी उचलला. "बोल, योगी. पास का नापास?"

"पास, दाजी."

ह्यांनी फोन बाजेवर ठेवला आणि परसात निघून गेले. मी पिठाच्या हातानेच उचलला आणि माझ्या तोंडून निघालं, "अजून एकडाव नापास झाला असतास तर काय बिघडलं असतं रे तुझं?"

तो म्हणाला, "आक्का, मीही तेच बघत होतो. मोठ्या प्रयोगशाळेचा शिक्का येईपर्यंत इथे पुण्यात पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. कुठेतरी चूक सापडेल म्हणून रात्रंदिवस तेवढंच केलं. आयुष्यभर चुका केल्या ना मी, मग ही एक का होत नाही?" आणि तो रडायला लागला. मीही रडले. तव्यावरची भाकरी जळली.

सरकारी डॉक्टर आले, खड्डा खणला, चुना आणला. योगीही आला. नखशिखांत पांढरा पोशाख, तोंडावर मास्क. केसरने त्याला ओळखलं नाही. कान मागे टाकून सरकली. तो हाक मारणार होता, पण मारली नाही. ह्यांनी दोर धरला. लवकर झालं सगळं, तेवढंच बरं.

ह्यांनी जेवणाच्या पानावर पहिल्यांदा तोंड उघडलं. "तिना पिल्ले?"

तिच्यापाशीच वाढलेली, यात्रेत विकलेली केसरची पिल्लं. केसरचं नाव निघाल्यावर लोक बोली लावायचे, आणि मनासारखा भाव येईपर्यंत हे मूठ आवळून बसायचे. एकेक घर ह्यांना पाठ होतं. योगीला त्या सगळ्या घरी जावंच लागणार होतं. आणि एकटा गेला तर लोक त्याला उभा चिरतील, म्हणून मी त्याच्याबरोबर जीपमध्ये बसले. नाहीतर बहीण कशाला असते?

पहिलं घर दिलवरसिंगचं, तापीच्या काठावर. केसरचं काय झालं ते अजून तिथे पोचलं नव्हतं. आम्हाला पाहून दिलवरसिंग धावतच आला. "या आक्का, या! केसरना घरना मानसे मन्हा दारमा!" खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. योगीने तोंड उघडलं, पण ऐकतोय कोण? दिलवरसिंग आतून घोडीला घेऊन आला. तांबूस, तुकतुकीत, तीच उंच मान. गोंडे बांधलेले, यात्रेसाठी तयार केलेली. त्याने तिला आमच्यासमोर एक चक्कर मारून दाखवली. आनंदाने त्याचा चेहरा फुलला होता.

"देख आक्का," तो म्हणाला, "मायवर गई शे ना पोर?"

मी हो म्हटलं. योगीने मांडीवरची पेटी उघडली आणि सुई बाहेर काढली.