देवाजवळच्या फळीवरची कॅप्सूलची डबी

मित्रांनो, मी एक जुनी कॅप्सूलची डबी आहे. जुनी म्हणजे दीडेक वर्षाची, पण माणसांचा वीट यायला तेवढं पुष्कळ झालं.

एका कारखान्यात माझ्या पोटात कसल्याशा पुडीच्या कॅप्सूल भरल्या आणि अंगावर डाळिंबाचं चित्र चिकटवलं. खरं डाळिंब मी आजवर पाहिलेलं नाही. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द मात्र एवढा ठसठशीत छापला, की कळत नाही म्हणूनच तो लोकांना खरा वाटे. मला मेडशी गावात आणणारा जगदेव आधी मोबाइलची कव्हरं विकायचा. टाय बांधला आणि झाला वैद्य! उथळ पाण्याला खळखळाट फार.

केशरबाईंच्या लेकीची, वर्षाराणीची, पाळी महिनोन्‌महिने येत नव्हती. वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून पीसीओएस सांगितला, औषध दिलं, रोज चालायला सांगितलं. पाळी अशी लांबू देऊ नका, गर्भाशयाला धोका असतो, असंही बजावलं. जगदेव म्हणाला, "ते औषध बंद करा काकू. हे फळायपासून बनेल हाय. जडमुळापासून बिमारी काढते." माझ्या पोटातल्या कॅप्सूलचा या आजारात कितपत उपयोग होतो, हे शिकलेसवरलेले अजून शोधताहेत. जगदेवला ते आधीच कळलं होतं. केशरबाईंनी त्याचं ऐकलं आणि मला देवाजवळच्या फळीवर बसवलं.

पाळी काही आली नाही. या घरची रीत अशी, की पाळीत बाईने ओसरीवर वेगळं बसायचं. पोर बसत नाही, हे सगळ्या गल्लीला दिसे. त्यातच मालेगावकडून स्थळ आलं. केशरबाईंनी शक्कल काढली, "महिन्याच्या महिन्याले ओसरीवर बसत जा. लोकायले काय समजते?" पाळी नसताना पोर पाळीची बसली! इतकी अक्कल गहाण टाकलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. जगदेवने लगेच गावभर केलं, "पाहा, गुण आला!" बायका डब्या घेऊ लागल्या.

एक दिवस शेजारची रेणू आली. तिलाही तोच आजार. वाशिमचं औषध सोडून ती माझ्यासारखी डबी घ्यायला निघाली होती. जगदेव ओसरीवर बसलेल्या वर्षाराणीकडे बोट दाखवून गुण सांगत होता. वर्षाराणी उठली, सरळ घरात शिरली आणि तिने मला फळीवरून उचललं.

"अवं, शिवू नोको! बाहेर बसली हायेस ना तू?" केशरबाई ओरडल्या.

"कायची बाहेर, आई? मले पाळी आलीच नाही. खोटीच बसून राह्यली होती मी. रेणू, हे घेऊ नोको."

जगदेव टाय सैल करत मोटरसायकलीकडे पळाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन मायलेकी वाशिमच्या एसटीत बसल्या आणि त्यांच्याबरोबर रेणूही.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू आत्मवृत्ताच्या शेवटी 'आम्हाला जपा' म्हणून गयावया करतो. मी करणार नाही. मला खुशाल उकिरड्यावर फेका. जपायची तर ती पोर जपा. आलेल्या स्थळापेक्षा तिचा जीव मोलाचा आहे, एवढं कळायला वाशिमला जावं लागत नाही.