अर्धा ठसा

“ती बोलत नाही ना, मग तिला दिसतही नसणार.”

घरची लेक फुसाए हे म्हणाली तेव्हा मी तिच्या मुठीत होतो. वाक्य जिच्याबद्दल होतं ती मिसाओ, घरातली धाकटी सून, बाहेर उंबऱ्याशी वाकून बूट काढत होती. कागदी दारांच्या घरात राहणाऱ्यांनी गुपितं तरी हळू बोलावीत. दुसरा बूट काढायला मिसाओने अंमळ जास्तच वेळ घेतला.

मी शिक्का. बोटाएवढा लांब, पिवळसर घट्ट लाकडाचा. माझ्या तोंडावर ‘कुरामोची तेइझो’ हे नाव उलटं कोरलेलं आहे. आमच्याकडे सहीला कोणी विचारत नाही. लग्न, घर, जमीन, सगळं माझ्या लाल ठशाने खरं ठरतं. माणसाच्या शब्दावर भरवसा नाही, लाकडाच्या तुकड्यावर आहे. पंचेचाळीस वर्षं हा मान मी भोगला. मान देणाऱ्यांबद्दल मात्र मला कधी आदर वाटला नाही.

कुरायोशी गावच्या एका म्हाताऱ्या कोरणाऱ्याने मला घडवलं. तेइझो तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. वडिलांची नासपतीची बाग नुकतीच त्यांच्या नावावर होत होती. मला त्यांच्या तळहातावर ठेवताना म्हातारा म्हणाला, “जपून वापरा. तुम्ही असेपर्यंत हा राजा. तुम्ही गेलात की त्याच दिवशी हा सरपण.”

पुढे फळांच्या पेट्या बनवताना करवतीने तेइझोंच्या उजव्या तर्जनीचं पेर नेलं. तेव्हापासून त्यांचा ठसा नेहमी डावीकडे कलायचा. एकही सरळ आला नाही. नगरपालिकेतले कारकून नाकं मुरडायचे. मला तो कल आवडायचा. निदान त्यात माणूस तरी होता.

पण तेइझोंनाही मी सोडणार नाही. बायको वारल्यावर काही वर्षांनी बागेत फळांना कागदी पिशव्या बांधायला येणाऱ्या ओताकी त्यांच्या घरी राहायला आल्या. सोळा वर्षं त्यांनी या माणसाचा भात रांधला, दुखणी काढली. लग्नाच्या नोंदणीचा कागद दोनदा घरात आला आणि दोनदा मी पेटीतून बाहेर निघालो. दोन्ही वेळा ओसाकाहून लेकीचा, फुसाएचा, फोन आला. “या वयात, बाबा? लोक काय म्हणतील?” थोरला कात्सुहिरो हिरोशिमाच्या शाळेत उपमुख्याध्यापक, मुलांना नीतीचे धडे देणारा. तो म्हणाला, “घाई काय आहे?” मी परत पेटीत गेलो. एका ठशाचं काम होतं. तेवढ्याने ओताकी या घरच्या झाल्या असत्या.

गेल्या वसंतात धाकट्या शुंजीचं लग्न झालं आणि मिसाओ आली. कमी बोलणारी. ती समोर आहे हे विसरून पाहुणे तिच्यादेखतच तिच्याबद्दल बोलत. शरद ऋतूत एका दुपारी तेइझोंनी दोन पानं लिहिली. पानं शेजारी ठेवून जोडावर मला दाबलं, म्हणजे अर्धा ठसा एका पानावर आणि अर्धा दुसऱ्यावर. पान कोणी काढलं तर कळावं म्हणून आमच्याकडे असंच करतात. मग पाकीट बंद करून तोंडावर तीन ठसे. तिन्ही डावीकडे कललेले.

पाकीट त्यांनी मिसाओच्या हातात दिलं.

“मामंजी, मला का?”

“बाकीचे उघडतील. तू थांबशील.”

फेब्रुवारीत ते गेले. त्या दिवशी मी कायद्याने सरपण झालो.

सातव्या दिवसाच्या जेवणानंतर मिसाओने सांगितलं, मामंजींचं मृत्युपत्र माझ्याकडे आहे, आणि बंद पाकीट कुटुंब न्यायालयातच उघडावं लागतं.

“बरं झालं,” कात्सुहिरो म्हणाला, “घरात येऊन वर्ष झालं नाही, सूनबाईंनी कोर्ट दाखवलं.”

“माझी काकडी बघ कशी मुरलीय,” फुसाए लोणच्याकडे बघत म्हणाली. रडून झाल्यावर तिला भूक फार लागायची.

ओताकी कोपऱ्यात चहा ओतत होत्या. त्यांना कोणी बसायला सांगितलं नव्हतं.

मग कागद जमवणं आलं. मेलेला माणूस खरोखर मेला, आणि त्याची मुलं खरोखर त्याचीच, हे दाखवायला जन्मापासून मरणापर्यंतच्या नोंदी लागतात. मिसाओ चारदा नगरपालिकेत जाऊन आली. वारस तिघं घरात बसून शोकाला आलेल्यांनी आणलेले गोड सारणाचे बन खात होते.

ती तिसऱ्यांदा गेली असताना कात्सुहिरो आणि फुसाएने तिच्या कपड्यांच्या खणातून पाकीट काढलं. शुंजी तिथेच होता. “दादा, असं बरं नाही,” एवढं बोलून तो बागेत निघून गेला. याला लोक सज्जन म्हणतात.

किटलीच्या वाफेवर पाकीट उघडेना, तेव्हा फुसाएने ते फाडलं. पहिल्या पानावर बाग तिघांना सारखी होती. दुसऱ्यावर लिहिलं होतं, “हे घर ओताकींचं. त्यांना यातून कोणी उठवू नये.” खाली तारीख, नाव आणि मी.

“घर तिला?” फुसाए म्हणाली. “भात रांधणारीला?”

“ओरडू नकोस. दुसरं पान काढ.” कात्सुहिरो फळ्यावर समजावून सांगावं तसं बोलत होता. “पहिल्यावर तारीख नाही, नाव नाही. असं मृत्युपत्र रद्दी असतं. मग कायद्याने सगळं आपल्या तिघांचं. आपण काहीच केलं नाही. बाबाच विसरले.”

त्याने नवं पाकीट आणलं. फुसाएने मला उचलून तीन ठसे मारले. मेलेल्या माणसाचा हात बनून मी उमटलो, तेही कसा, तर तिन्ही वेळा सरळ, नवरीच्या भांगासारखा. बाप असा ठसा कधीच उमटवत नव्हता, हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, आणि पहिल्या पानाच्या काठावर माझा अर्धा ठसा उरलाय, हेही नाही.

दुसरं पान कात्सुहिरोने चुलीकडे नेलं.

“बाबांचं अक्षर जाळतोस?” फुसाएने त्याचा हात धरला. “एकोणपन्नास दिवस झालेत का? तोवर आत्मा घर सोडत नाही. ते अजून इथेच आहेत.”

उपमुख्याध्यापकांनी अस्थींच्या पांढऱ्या कलशाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. बापाला फसवायला भीती नव्हती, त्याचं अक्षर जाळायला होती. पन्नासाव्या दिवशी देवळात इतर वस्तूंबरोबर जाळू, असं ठरलं. तोवर पान देवघरात, त्यांच्यासाठी ठेवलेल्या भाताच्या वाटीखालच्या कापडाच्या घडीत. तिथे कोण बघतंय?

“आणि मिसाओ?” कात्सुहिरोने विचारलं.

तेव्हा फुसाए ते वाक्य बोलली.

त्या आठवड्यात शुंजी बायकोला म्हणाला, “घरातलं घरात राहू दे. तू नवीन आहेस.” ती बरं म्हणाली. दुसरीकडे फुसाएने ओताकींना दोन रिकामी खोकी नेऊन दिली. “न्यायालयाची तारीख झाली की बांधाबांध करायला बरं. ती तांब्याची किटली घ्या हवी तर.” ओताकींनी खोकी पुसून भिंतीशी उभी केली. बहिणीला पत्र टाकलं, एक कोपरा मिळेल का म्हणून.

तारीख चव्वेचाळिसाव्या दिवसाची आली. सकाळी मिसाओने रोजच्यासारखा देवघरातला भात बदलला. त्या दिवशी खालचं कापडही बदललं. मग मला रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं.

न्यायालय म्हणजे एक छोटी खोली, एक टेबल. न्यायाधीश बाई होत्या. मृत्युपत्र खरं की खोटं ते इथे ठरत नाही. कागद आज कसा आहे तेवढं पाहून टिपून ठेवतात. लेखनिकाने कात्रीने पाकीट कापलं. एकच पान निघालं. उजवा काठ कोरा, डाव्या काठावर, जिथे आमच्याकडे पुढचं पान जोडतात तिथे, अर्धा लाल ठसा.

“अक्षर तुमच्या वडिलांचं?” बाईंनी तिघांना विचारलं.

“हो,” कात्सुहिरो म्हणाला. “आजारपणात बाबा फार विसरायला लागले होते.” फुसाएने डोळ्याला रुमाल लावला. शुंजी टेबलाकडे बघत हो म्हणाला.

“पाकिटावरचा ठसा?”

“त्यांचाच.”

बाई मिसाओकडे वळल्या. “अर्ज तुमचा आहे. पाकीट तुमच्याजवळ होतं. तुम्हाला दिलं तेव्हा असंच होतं?”

शुंजीने टेबलाखालून तिच्या बाहीला धरलं. तिने बाही हळूच सोडवून घेतली, रुमाल उलगडून मला टेबलावर ठेवलं आणि माझ्याखालचं घडी घातलेलं पान सरकवलं. लेखनिकाने दोन्ही पानं काठाला काठ लावून ठेवली. डावीकडे कललेलं ‘कुरामोची तेइझो’ पुरं झालं.

पंचेचाळीस वर्षांत मला माझ्या ठशाचा अभिमान वाटला तो एवढाच.

फुसाएचा रुमाल खाली आला. “हे तुला कुठे मिळालं?”

घरात वर्षभर ज्या आवाजात ती चहा विचारायची, त्याच आवाजात मिसाओ म्हणाली, “मामंजींचा भात रोज बदलावा लागतो, वन्सं. तुम्ही दोघांनी एक दिवस जरी बदलला असतात, तर ते पान तिथे ठेवलं नसतंत.”