नऊ मतांची बिल्डिंग

नऊ.

चारशे तीन माणसं रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लावून बाहेर आली, आणि आमदार शिवदास घाडींच्या पदरात पडली नऊ मतं. जया निकाळजेनं तक्त्यावर बोट ठेवून ती ओळ तीनदा वाचली. बूथ एकशे सत्त्याऐंशी, मैत्रेय सोसायटी, तळमजल्यावरचा हॉल. तिची स्वतःची बिल्डिंग.

निकाल काल लागला होता. आज कांजूरमार्गच्या आमदार कार्यालयाबाहेर सकाळपासून ढोल वाजत होता, पेढ्यांचे खोके आत येत होते, आणि आतल्या खोलीत कार्यालयाच्या वह्या लिहिणारी जया एकटीच मतांची वही उघडून बसली होती. अकरा वाजता साहेब येणार. अकरा वाजता वाचन.

वाचन हा या कार्यालयाचा रिवाज. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीत डोळे मिटून बसत आणि जया एकेक बूथ वाचून दाखवी: एवढे मतदार, एवढं मतदान, आपल्याला एवढी. तिच्या बालवाडीच्या जुन्या नोकरीतली सवय, आकडे सुरात वाचायची. साहेबांना तो सूर आवडे.

जयाची आई जालन्याकडची. जात्यावर बसली की पहिली ओवी कुणाला, दुसरी कुणाला, अशी वाटत जाई. जयाला साहेबांच्या निवडणुका तशाच पाठ होत्या. पहिली निवडणूक अकराशेनं हरली, तेव्हा कार्यालय म्हणजे पानटपरीमागची एक खोली होती आणि साहेब भिंतीकडे तोंड करून बसले होते. दुसरी निवडणूक तीनशे अकरांनी तरली. तिसरी पंधरा हजारांनी फुलली. चौथी चाळीस हजारांनी गाजली, साहेब राज्यमंत्री झाले, दारात बंदूकधारी आला. आणि पाचवी, कालची, कशीबशी अठराशे चाळीस मतांनी हाताला लागली.

चाळीस हजारांवर बसलेला माणूस कुणालाही माफ करतो. अठराशेवर उभा असलेला पायाखालची फळी तपासतो. जया वीस वर्षं त्यांना पाहत होती. हे कुणी तिला सांगायला नको होतं.

ज्या बूथवर मतं कमी, त्याला ती लाल पेन्सिलीनं गोल करी. साहेब कधी म्हणाले नाहीत की यांना धडा शिकवा. ते नुसते त्या पानावर थोडा वेळ नजर ठेवत. मग त्या वस्तीचं पत्र आलं की त्यांचा पीए केतन ते गठ्ठ्याच्या तळाशी सारी. मागच्या खेपेला टेकडीवरच्या वस्तीनं एकोणीस मतं दिली, आणि तिथल्या सार्वजनिक संडासाला सव्वादोन वर्षं दार बसलं नाही. बायका एकमेकींना आडोसा धरून जात. तो गोल जयाच्याच हातचा. त्यानंतर टेकडीखालून जाताना ती मान खाली घाली.

आणि मैत्रेय सोसायटीला हवं होतं पाणी. चौदा मजले, एकशे बारा घरं, झोपड्या पाडून दिलेली नवी बिल्डिंग. आणि दोन वर्षं टँकर. लिफ्ट बंद असताना सातव्या मजल्यावर कळशी चढवताना रतनबाईंचा खुबा मोडला तो मोडलाच. पालिकेच्या जोडणीची फाईल एका पत्रावर अडली होती, ते पत्र साहेबांचं, दोन वर्षं न दिलेलं. प्रचारात साहेब म्हणाले, ‘निकालानंतर पहिली सही तुमची.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन ठरवलं, यांना मत नाही. कुणी बैठक घेतली नाही, कुणी कुणाला बोललं नाही. जयानंसुद्धा कुणाला न बोलता दुसरंच बटण दाबलं. वाटलं होतं, आपलं एक गेल्यानं काय होतंय. तेच सगळ्यांना वाटलं होतं.

पूर्वी ही मतं पालिकेच्या शाळेत पडत, तीन चाळींच्या मतांत मिसळून. कुणाचं कुठलं, ओळखू येत नसे. मग सोसायट्यांच्या हॉलमध्ये बूथ देणार असं कळलं आणि जयानंच धावाधाव करून अर्ज भरला. म्हाताऱ्यांना जिना नको, उन्हात रांग नको. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. एका बिल्डिंगचं एक बूथ झालं, आणि चारशे तीन माणसांच्या अंगावरचं पांघरूण तिनं आपल्या हातानं ओढून काढलं.

पावणेअकरा. वहीत अजून त्या दोन ओळी भरायच्या होत्या. एकशे सत्त्याऐंशी, नऊ. त्याखाली एकशे अठ्ठ्याऐंशी, शिरसाट चाळ, दोनशे बारा. शिरसाट चाळ म्हणजे तिथली मतं जमवणाऱ्या धाकूकाकांची. कोकणातून आलेली घरं, साहेबांच्या गाववाल्यांची, दर वेळी भरभरून देणारी. बेरीज तर जमायलाच हवी होती. साहेबांना एकूण आकडा तोंडपाठ. पण दोन ओळींतल्या साहेबांच्या मतांची अदलाबदल केली तर बेरीज हलत नाही. आणि धाकूकाकांवर साहेब रागावून रागावून किती रागावतील?

तिनं अदलाबदल केली. अक्षर नेहमीसारखंच गोल आलं, याचंच तिला भय वाटलं.

साहेब आले, हार काढून टेबलावर टाकले, डोळे मिटले. ‘वाच गं.’

जया वाचत गेली. शंभर झाले, दीडशे झाले. केतन दाराशी मोबाईल चाळत उभा.

‘एकशे सत्त्याऐंशी, मैत्रेय सोसायटी, मतदान चारशे तीन, आपल्याला दोनशे बारा.’

‘हां. तुझी बिल्डिंग.’ साहेब मिटल्या डोळ्यांनी हसले.

‘एकशे अठ्ठ्याऐंशी, शिरसाट चाळ, मतदान दोनशे साठ, आपल्याला... नऊ.’

साहेबांनी डोळे उघडले.

‘किती?’

‘नऊ.’

‘धाकूला आत घे.’

धाकूकाका बाहेरच होते, सकाळपासून, नारळ आणि गावच्या गोड खाज्याची पुडी घेऊन. सत्तरी उलटलेला माणूस, इस्त्रीचा सदरा घालून आला होता. हसतच आत आला.

‘सायबानू, अभिनंदन! गुलाल खयं आसा?’

‘धाकू, नऊ?’

‘काय नऊ?’

‘तुझ्या चाळीतनं मला नऊ मतं. दोनशे साठातनं नऊ. माझ्या गावची माणसं तुम्ही.’

धाकूकाकांचं हसू तोंडावरच राहिलं, पण डोळ्यांतून उतरलं. ‘असां कसां होयत? रामेश्वराची शपत! सकाळी सातांक मी स्वता सगळ्यांका घेवन गेलंय.’

‘मग मशीन खोटं बोलतं?’

‘नाय, नाय...’ म्हातारा टेबलाची कड धरून उभा राहिला. कपाळावर घाम फुटला. आणि मग, जयाच्या डोळ्यांदेखत, त्यानं नावं घ्यायला सुरुवात केली. ‘तो पेडणेकराचो झील... त्येची भाषा हल्ली बदलली हा. आणि ती वरच्या माळ्यावरची शीतल, तिचो घोव दुसऱ्या पार्टीत फिरता. तिना केल्यान असतला. तिची सासूय...’

‘केतन, लिही,’ साहेब शांतपणे म्हणाले.

केतननं बोट मोबाईलवर टेकवलं. शीतलला जया ओळखत होती. अंगणवाडीत खिचडी शिजवणारी, सदा घाईत असलेली पोरगी. हिनं तर साहेबांनाच मत दिलं असणार. दोनशे बारांतलंच एक.

‘साहेब,’ जया म्हणाली. आवाज आपलाच आहे का, हे तिला कळेना. ‘ओळ चुकली. नऊ माझ्या बिल्डिंगची. काकांची दोनशे बारा.’

ढोल बाहेर वाजतच होता. धाकूकाका खुर्चीत बसले, कुणी बस न म्हणता.

साहेबांनी वही स्वतःकडे ओढली, तक्ता शेजारी धरला, दोन्ही पाहिलं. ओळ चुकणं आणि ओळ बदलणं यांतला फरक वीस वर्षांनी त्यांना कळत नसेल असं नव्हतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘जया,’ ते म्हणाले, ‘नऊ तर नऊ. नऊ माणसं आपली निघाली ना? उद्या संध्याकाळी आभार दौरा तुझ्याच बिल्डिंगपासून. हॉलमध्ये खुर्च्या मांड. त्या नऊ जणांना मी स्वतः हार घालतो, शाल देतो. बाकीच्यांनी समोर बसून टाळ्या वाजवायच्या. पाण्याचं मग बघू.’

‘नऊ कोण, ते कसं कळणार साहेब?’

‘तू राहतेस ना तिथे? आज सात वाजेपर्यंत केतनला नावं दे.’ त्यांनी पुन्हा डोळे मिटले. ‘पुढे वाच.’

दुपारी ती घरी आली तेव्हा बातमी तिच्याआधी पोचली होती. चार वाजता पहिली बेल वाजली. मीरा, समोरच्या खोलीतली. हातात वाटीभर चटणी.

‘जयाताई, त्या नवात मी होते हं. तुला म्हणून सांगते.’

‘बरं.’

‘लिहिशील ना गं? आमच्या ह्यांचं पण लिही. म्हणजे ते नवात होते की नाही देव जाणे, पण लिही.’

मग तिसऱ्या मजल्यावरचे किरणभाऊ आले. मग अकराव्यावरची नवरा-बायको, दोघंही खाली बघत. मग रतनबाई आल्या, मोडका खुबा ओढत, भिंत धरून. ‘मी त्याला मत दिलं नाही,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘पण लिही बाई माझं. या वयात मला कुणाचा राग सोसायचा नाही.’ साडेपाचपर्यंत नवात असलेली माणसं सेहेचाळीस झाली. प्रत्येकजण दार लोटून घेऊन बोले, आणि बाहेर पडताना जिन्यात कुणी भेटलं की दोघंही पाण्याच्या टँकरबद्दल बोलत.

सहाला प्रियंका आली. कॉलेजात जाणारी, पहिल्यांदाच मत दिलेली. ती आत आलीच नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

‘ताई, त्यांना मशीनमधून कळतं का गं? कुणी काय दाबलं ते? खरं सांग.’

‘नाही कळत.’

‘मग सगळे एवढे घाबरलेत का?’

पोरीचा हात तिनं धरला. तो गार होता. आपलाही तसाच असणार, हे तिच्या ध्यानात आलं.

पावणेसातला केतनचा फोन वाजला.

‘जयाताई, नावं?’

‘लिहून घे.’ सोसायटीची यादी तिनं मांडीवर घेतली. ‘एकशे एक, मीनाक्षी तायडे, भगवान तायडे. एकशे दोन, किसन साळवे, त्यांची आई, त्यांची बायको. एकशे तीन...’

पहिला मजला संपला, दुसरा सुरू झाला.

‘अहो ताई, थांबा, थांबा. नऊच हवीत!’

‘मला काय माहीत कोण नऊ. सगळे म्हणतात आम्हीच. खोटं कसं म्हणू? उद्या येऊन साहेबांनी स्वतः विचारावं.’

‘साहेब चिडतील हां. गंमत नाय ही.’

‘गंमत नाहीच. लिही तू.’

केतन काहीतरी पुटपुटला, पण फोन ठेवला नाही. यादीत ती मजल्यामागून मजला चढत गेली. नावांना नावं लागत गेली तसा तिचा श्वास धरून धरून चालायला लागला, कळशी घेऊन चढताना चालतो तसा. सातव्या मजल्यावर ती आली आणि अडली.

एवढ्या माणसांतून साहेबांना कुणीतरी एक लागणार होतं. राग रिकाम्या हातानं परत जात नाही, हे तिनं वीस वर्षं त्या खोलीत बसून पाहिलं होतं. सगळ्यांची नावं दिली तर उद्या ते हॉलमध्ये एकेकाच्या तोंडाकडे बघतील. प्रियंकाच्या तोंडाकडे बघतील, आणि त्या पोरीला लपवता येणार नाही.

‘सातशे तीन, मीरा भालेराव, विलास भालेराव,’ ती म्हणाली. ‘सातशे चार गाळ.’

‘रिकामी आहे का?’

‘नाही.’

‘मग? दिलं नाय मत त्यांनी?’

‘नाही दिलं. तेवढं एकच घर. साहेबांना सांग.’

केतनचा आवाज आला, अगदी हळू, पोरासारखा. ‘ताई... सातशे चार तर तुमचं ना?’

जयानं खिडकीचा गज धरला. खाली टँकर आला होता, आणि बायका कळश्या घेऊन रांगेला लागत होत्या.

‘हो,’ ती म्हणाली. ‘सातशे पाच. लिही. रतन हिवाळे.’